ओल किती खोल?

मृगाच्या दोन सरी पडल्या आणि शेजाऱ्याने चाड्यावर मूठ धरली, की भल्याभल्यांचा जीव थाऱ्यावर राहत नाही. कृषी विभाग दरवर्षी कंठशोष करतो: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पण पर्जन्यमापक मंडळाच्या गावी, आणि ढग मात्र एक शिवार भिजवून दुसरं कोरडं ठेवणारा! म्हणून रान उकरून, ढेकूळ मुठीत दाबून ओल किती खोल गेली हे पाहणाऱ्या म्हाताऱ्याचा अंदाज मी आकड्याइतकाच मानतो. तीही आयुष्यभराची नोंदच, फक्त कागदावर नसलेली. बियाण्याच्या बाबतीत मात्र मनाचा कौल नको. घरचं सोयाबीन कितीही टपोरं दिसो, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि कोंब मोजायचे. सत्तरच्या खाली निघाले तर एकरी बियाणं वाढवायचं. एवढ्याचा कंटाळा केला, की दुबार पेरणीला पुन्हा कृषी केंद्राची उधारी! उशीर झाला म्हणून धास्तावण्याचंही कारण नाही. सोयाबीन जुलैच्या मध्यापर्यंत थांबतं. मूग-उडीद तेवढे थांबत नाहीत.