सुतक नसलेले दुःख

कुत्र्याच्या मरणावर वार्षिक अंकात लेख लिहायचा म्हणजे वर्गातल्या मैत्रिणी हसणार, हे मला ठाऊक आहे. विषय सांगितला तेव्हा "मग मांजरावर कविता मी देते" असे एकीने म्हटलेही. तरी लिहिते आहे. कारण या बाबतीत आपण सारेच, अगदी शिकलेली माणसेसुद्धा, थोडे अन्यायाने वागतो असे माझे मत झाले आहे.

खंड्या आमच्याकडे आला तो परवाच्या नव्हे, त्याआधीच्या चंपाषष्ठीला. आमच्या पुरंदर तालुक्यात त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. त्या वासावर हे दोनेक महिन्यांचे पिल्लू दारात येऊन बसले. आजी म्हणाली, देवाचं कुत्रं हाय, हाकलू नगा. झाले! नाव ठेवायचाही प्रश्न उरला नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस तो आजारी पडला. उलट्या, रक्ताची हगवण, आणि तिसऱ्या दिवशी खेळ संपला. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी 'पार्व्हो' म्हणून सांगितले आणि विचारले, "लस दिली होती का?" अण्णांनी माझ्याकडे पाहिले. हा रोग लहान पिल्लांना होतो, लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते, हे मी वाचलेले होते. परीक्षा संपली की नेऊ, असे मीच म्हटले होते. घरात कॉलेजला जाणारी मी एकटी, आणि माझ्या शिक्षणाचा खंड्याला एवढाच उपयोग झाला.

मी रडू लागले तेव्हा अण्णा म्हणाले, "कुत्र्यासाठी कुणी रडतं का?" अण्णांचा मला राग नाही. गावात बैल गेला तर माणसे भेटायला येतात, ओट्यावर टेकतात, हळहळतात. कारण तिथे नुकसान आकड्यात सांगता येते. कुत्र्याच्या जाण्याने कोणाचे काय बुडाले? आपण दुःखसुद्धा किमतीवर मोजतो, ते असे. आणि हेच आपण युधिष्ठिराने कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला ही गोष्ट मात्र डोळ्यांत पाणी आणून सांगतो! इंग्रजीच्या तासाला ज्याचे नाव आपण आदराने घेतो त्या टॉमस हार्डीने डॉर्चेस्टरच्या आपल्या घराच्या बागेतच पाळीव जनावरांना पुरले होते. त्याचा वेसेक्स नावाचा कुत्रा 1926 मध्ये गेला, तोही तिथेच आहे. हार्डी रडला तर तो संवेदनशील, आणि आम्ही रडलो तर खुळे.

माणूस गेला तर सुतक असते, दहावा असतो, तेरावा असतो. त्या विधींवर आपण वर्गात टीका करतो, मीही केली आहे. पण त्यांत एक शहाणपण आहे असे मला आता वाटते. दुःखाच्या पहिल्या दिवसांत ते हातांना काम देतात. घाटावर जा, पिंड ठेवा, कावळ्याची वाट पाहा. जनावराच्या मरणाला यांतले काहीच नाही. संध्याकाळी सहाला भाकरी कुस्करायची सवय असलेले हात तसेच रिकामे राहतात.

"दुसरं पिल्लू आण" हा सल्ला मला निदान दहा जणांनी दिला असेल. त्यात दोन चुका आहेत. एक तर जीव म्हणजे फुटलेली बादली नव्हे. दुसरी चूक शास्त्राची आहे. या रोगाचे विषाणू मातीत, विशेषतः सावलीत, कित्येक महिने, कधी वर्षभरही टिकून राहतात. फरशी ब्लीचिंगने धुता येईल, परसातली माती कशी धुणार? लस न दिलेले नवे पिल्लू त्या परसात सोडणे म्हणजे त्याला खंड्याच्याच वाटेने पाठवणे. त्या मातीत आता वर्षभर कुत्रे नको होते. झाडाला मात्र त्या विषाणूचे काही भय नव्हते.

बागेची सुरुवात अपयशानेच झाली. खंड्याला पुरले त्या जागेवर मी जास्वंद लावली. पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपल्या आणि रोप गेले. मी दुसऱ्यांदा रडले. मग आजीने आठवण दिली की कुत्री उकरतील म्हणून खड्ड्यात आणि वरूनही मीठ पसरले होते. खारट मातीत मुळांना पाणी ओढून घेता येत नाही.

त्यानंतर एके दिवशी अण्णा कामावरच्या बागेतून अंजिराचे सहा फाटे घेऊन आले. बोलले काहीच नाहीत. तीन हात अंतर सोडून त्यांनी जमीन खणली आणि वीतभर फाट्यांचे दोन-दोन डोळे मातीत, बाकीचे वर, असे लावले. उन्हाळ्यात आमच्याकडे पिण्याच्या पाण्याचीच मारामार; म्हणून भांड्यांचे शेवटचे खळबळलेले पाणी मी रोज सहाला घालू लागले. ती वेळ खंड्याच्या भाकरीची.

पहिले पान फुटले तेव्हा मी नाचतच घरात गेले. अण्णा म्हणाले, "इतक्यात हुरळू नको. फाटा आधी स्वतःच्या अंगातल्या रसावर पान काढतो. मूळ धरलं का ते नंतर कळतं. उपटून बघायचं नाही." खरेच, पान आलेले तीन फाटे मे महिन्यात वाळले. तीन जगले.

मैत्रिणी विचारतात, बागेने दुःख गेले का? नाही गेले. लशीचे तर मुळीच नाही. त्या चुकीवर माती लोटायला बाग नाही. पण संध्याकाळी सहाला मी कुठे असावे, एवढे मला त्या तीन फाट्यांनी ठरवून दिले. "कसं वाटतंय?" हा प्रश्नही त्यांनी कधी विचारला नाही.

आता वर्ष होत आले. शेजारच्या काकूंकडे कुत्री व्याली आहे आणि आई दोनदा सुचवून गेली. मी अजून हो म्हटलेले नाही. लशीच्या तारखा मात्र अर्थशास्त्राच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवल्या आहेत, आणि यंदा त्या परीक्षेच्या वेळापत्रकाच्या वर लिहिल्या आहेत.