उपास आपला, पंगत कोणाची?

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे आणि काहींना झोंबणार आहे. आधी पूर्ण वाचा, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

यंदा १५ फेब्रुवारीला महाशिवरात्र झाली. १८ ला ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार, म्हणजे त्यांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू. त्याच आठवड्यात रमजान लागला. एका आठवड्यात तीन धर्मांचे उपास. तालुक्यातलं कुठलंच गाव त्यातून सुटलं नसेल.

माझ्याबरोबर पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला एक मित्र अमेरिकेत असतो. त्याच्या घराजवळच्या कॅथलिक चर्चमध्ये या दिवसांत शुक्रवारी संध्याकाळी सगळे एकत्र जेवतात. शेजाऱ्यांनी यालाही नेलं. मी फोनवर विचारलं, "बेत काय होता?" म्हणाला, "कसला बेत राव, एक वाटी भाज्यांचं सूप अन् पावाचा तुकडा!" या शुक्रवारी ते लोक मांस खात नाहीत. सूप कोणीतरी घरून करून आणतं, आपली वाटी आपण धुवायची. दाराशी एक डबा ठेवलेला. साधं जेवून जे पैसे वाचले ते त्यात टाकायचे. ते भुकेल्या माणसाकडे जातात.

ही पद्धत तिकडे रुजलेली आहे. १९७५ साली पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउन भागात, आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी घरोघरी पुठ्ठ्याच्या डब्या वाटल्या. नाव ठेवलं 'तांदळाची वाटी'. पुढे ते देशभर पसरलं. आपल्या देशातही कॅरितास इंडिया ही कॅथलिक संस्था याच दिवसांत भूक आणि आजाराविरुद्ध मोहीम चालवते.

हिशोब साधा आहे. मी कमी खाल्लं, तर वाचलेलं गेलं कुठं? उपासाला हा प्रश्न विचारायचा असतो. आपण तो विचारायचं सोडलंय.

एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण आपल्याच आज्यांनी केलीय. खिचडी, वेफर्स, भगर, आमटी, वर राजगिऱ्याचा लाडू. उपासाच्या दिवशी किराणा दुकानाचं बिल वाढतं. मी स्वतः यात आहे, उगाच साधूचा आव आणत नाही.

आता माझी चूक सांगतो. गेल्या हंगामात एका सप्ताहाची बातमी करायला गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठल्याही गावात होतं. काल्याचं कीर्तन झालं, महाप्रसादाच्या पंगती बसल्या. कडेला ऊसतोडवाल्यांच्या कोपीवरची चार-पाच पोरं स्टीलचे डबे घेऊन उभी. एक कार्यकर्ता म्हणाला, "ए, पंगती उठल्यावर या रे." पोरं दोन तास उन्हात थांबली. नंतर त्यांना काय मिळालं ते मी पाहिलं नाही. उरलेला भात संध्याकाळी ओढ्याला टाकला, तो मात्र पाहिला. आणि मी बातमी काय दिली? "हजारो भाविकांनी घेतला महाप्रसादाचा लाभ." फोटो बुंदीच्या ढिगाचा. ती बातमी मला आजही खाते.

ही माणसं कोण? बीड, अहिल्यानगरकडून कोयता घेऊन आलेली. मुकादमाची उचल डोक्यावर. पहाटे अंधारात फडात, रात्री-अपरात्री गाडी भरायला. पोरांची शाळा बुडालेली. ज्या उसावर आपला तालुका उभाय, तो ऊस यांनी तोडलाय. आणि आपण पंगत कोणाला वाढतो? ज्याच्या घरी दोन वेळचं शिजलेलं आहे, त्याला. वर आग्रह करून.

आपल्या खुटबावहून दौंडकडं निघालं की पुढचं स्टेशन केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपासमारीनं खंगलेल्या शेकडो बायका-मुली इथं आणल्या, जगवल्या, शिकवल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी आणल्या. हे परदेशात घडलेलं नाही, आपल्या शिवेवर घडलंय. बाईंच्या धर्मांतरावर तेव्हा वाद झाला, आजही होतो. खुशाल करा. पण भुकेल्या पोरीला कोणी आणलं, कोणी ताट वाढलं, हे आधी सांगा आणि मग वाद घाला.

कोणीतरी कमेंट करणारच, "ही परदेशी टूम आमच्यात कशाला?" बरं. तुमच्या उपासाच्या ताटाकडं बघा. बटाटा, मिरची, शेंगदाणा, आणि साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो कंद, चारही अमेरिका खंडातून आलेत. ताटात परदेश चालतो, मग विचार आला की धर्म बुडतो का? आणि परदेशी नको असेल तर गाडगेबाबा घ्या. भुकेल्याला अन्न, हाच त्यांचा देव. मंगळवेढ्याचे दामाजीपंत घ्या, दुष्काळात कोठारं उघडणारे. शिखांचा लंगर घ्या. कोणाचं घ्यायचं ते घ्या, पण घ्या.

दुसरे म्हणतील, "सरकारची शिवभोजन थाळी आहे की." आहे, २०२० पासून आहे. पण फडातला माणूस कोयता टाकून केंद्रावर जेवायला कसा जाणार?

सप्ताह बंद करा असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच. सात दिवसांतली एक संध्याकाळ फक्त आमटी-भाकरी ठेवा. सरपंचालाही तीच, महाराजांनाही तीच, पुढाऱ्यालाही तीच. वाचलेल्या पैशातून कोपीवर तेल, डाळ, गूळ पोचवा. आणि काल्याची पहिली पंगत कोपीवरच्या माणसांची बसवा. डब्यात उरलंसुरलं नको, पाट मांडून. वाढायला आपण.

कारखान्याचा पट्टा पडायला आलाय. मग ही माणसं गाड्या भरून निघून जातील आणि आपण पुढच्या वर्षी बघू म्हणू.

५ एप्रिलला ईस्टर आहे, उपवासकाळ संपतोय. १९२२ साली रमाबाई केडगावात गेल्या, ती तारीखही ५ एप्रिलच. त्याआधी आपल्या आसपासचं एक जरी गाव पुढं आलं, तर बातमी करायला मी माझ्या पेट्रोलनं येईन. यावेळी फोटो बुंदीचा काढणार नाही.

कोणतं गाव येतंय, कमेंटमध्ये लिहा.