प्रश्न विचारणारा कोठे गेला?

लोकसाहित्य आणि ग्रामीण साहित्य यांवरील प्रबंधांत 'संशोधन पद्धती' नावाचे एक प्रकरण हमखास असते. सर्वेक्षण, मुलाखत आणि निरीक्षण ही तीन साधने तेथे ओळीने येतात, त्यांच्या व्याख्या येतात, गुणदोष येतात आणि परिशिष्टात एक प्रश्नावली जोडलेली असते. या साधनांशी आमचे भांडण नाही. त्यांच्यावाचून वर्णनात्मक संशोधन होत नाही, हे आम्हांस मान्य आहे. आमचे भांडण आहे ते या साधनांच्या आड दडून बसणाऱ्या माणसाशी, म्हणजेच प्रश्न विचारणाऱ्याशी. उत्तरांची टक्केवारी छापली जाते. प्रश्न कोणी, कोठे आणि कोणत्या भाषेत विचारला, याचा मात्र प्रबंधात मागमूस नसतो.

हा दोष जुना आहे. कर्जतचे उदाहरण घेऊ. रायगडातील नव्हे, पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतचे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले आणि त्यांचे लोण पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांपर्यंत पोहोचले. रयतेने सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने रयत, सावकार आणि प्रत्यक्षदर्शी यांचे जबाब घेतले. सारा, बाजारभाव आणि व्याजाचे दर यांचे आकडे जमवले. जिल्हाधिकाऱ्यांचे अहवाल त्यांच्याशी ताडून पाहिले. पद्धतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाला याहून नमुनेदार उदाहरण मिळणे कठीण.

आणि निष्कर्ष? सरकारी साऱ्याची मागणी हे दंग्याचे कारण नव्हे; दोष सावकारांचा. १८७८ साली हा अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. पाठोपाठ १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्याने सावकाराला लगाम घातला, साऱ्याला नव्हे.

येथे जबाब खोटे होते, असे आमचे म्हणणे नाही. सावकारी जाच खराच होता. पण सारा वसूल करणारे सरकारच 'सारा जड होतो काय' याचा निवाडा करायला बसले होते, ही गोष्ट कोणत्या तक्त्यात दिसते? पुणे सार्वजनिक सभेने दंग्यांपूर्वीच, १८७३ साली, रयतेच्या स्थितीविषयी आपला अहवाल प्रसिद्ध केला होता आणि त्यात सरकारच्या सारापद्धतीवर बोट ठेवले होते. रयत तीच, मुलूखही तोच. विचारणारा बदलला आणि वर्णन बदलले. सभेचा विचारणाराही निर्लेप नव्हता, हेही विसरू नये. मुद्दा इतकाच की वर्णनाच्या आत वर्णनकर्ता असतोच. त्याला लपवल्याने वर्णन शास्त्रीय होत नाही, फक्त तपासता येईनासे होते.

आता निरीक्षणाकडे वळू. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये महात्मा फुले यांनी कलेक्टरच्या मुक्कामाजवळून परतणारा, स्वतःशीच पुटपुटणारा शेतकरी उभा केला आहे. त्याला कोणी प्रश्न विचारलेला नाही. साहेबासमोर जे तोंडातून निघाले नाही, ते वाटेवर निघते. आयोगाच्या जबाबांत जी जागा रिकामी राहते, ती फुले यांनी नेमकी हेरली. शिवाय निरीक्षक कोणत्या बाजूला उभा आहे, हे ते लपवत नाहीत. आमचे विद्यार्थी हा ग्रंथ 'वैचारिक गद्य' म्हणून वाचतात आणि पद्धतीचे धडे मात्र भाषांतरित पाठ्यपुस्तकांतून घेतात, याला काय म्हणावे?

समजा, एक संशोधक राशीनला किंवा मिरजगावला जातो. हातात छापील प्रश्नावली: 'आपणांस लोकगीतांची आवड आहे काय? होय / नाही / सांगता येत नाही.' समोरची बाई म्हणते, 'आता जातं कुठं राहिलंय, बाबा?' हे उत्तर कोणत्या रकान्यात बसवायचे? तीन रकान्यांपैकी एकातही ते मावत नाही, आणि तरीही संशोधनाचा सारा विषय त्या एका वाक्यात आहे. संशोधक 'सांगता येत नाही' वर खूण करतो. बाईला सांगता आले होते. संशोधकाला ऐकता आले नाही. आणि भाषेच्या अभ्यासकाने तिचे बोलणे प्रमाण मराठीत 'सुधारून' लिहावे, हा तर वर कळस.

यावर उत्तर येते की अशाने शास्त्रीयता राहणार नाही, प्रत्येक जण आपल्या लहरीप्रमाणे लिहील. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु शिस्त म्हणजे केवळ टक्केवारी नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन उभे केले, ते एक लाखाहून अधिक ओव्यांचे आहे. ओवीसोबत गाणारीचे नाव आहे, गाव आहे. ओव्या गोळा करणाऱ्यांत गावांतल्याच, स्वतः जात्यावर बसलेल्या स्त्रिया होत्या. म्हणजे विचारणारी आणि गाणारी यांच्यात खुर्ची-टेबल नव्हते. आज हा ठेवा 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात कोणालाही पाहता, ऐकता येतो. याला लहर म्हणायचे की शिस्त?

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रबंधात उत्तरासोबत प्रश्न छापा, तोही ज्या शब्दांत विचारला त्याच शब्दांत. बोलणाऱ्याची संमती असेल तर त्याचे नाव द्या. नसेल तर त्याची जागा आणि वेळ तरी सांगा. बोलणे बोलीतच ठेवा. मुलाखतीला आणखी कोण हजर होते, ते लिहा: सरपंच होते, सासू होती की गुरुजी. जे उत्तर रकान्यात बसले नाही, त्यासाठी वेगळे पान ठेवा. मार्गदर्शकांनी ते पान सर्वांत आधी वाचावे.

संहितेत निवेदक कोण, हे शोधायला आम्ही पहिल्या वर्षापासून शिकवतो. कथेला जो प्रश्न आपण न चुकता विचारतो, तो स्वतःच्या प्रश्नावलीला विचारण्याचे धैर्य साहित्याच्या अभ्यासकाने दाखवू नये, तर मग ते कोणी दाखवायचे?