दहा हजारांचा फोन

घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलीला ‘तरुणेर स्वप्न’ योजनेचे दहा हजार रुपये मिळाले, तेव्हा फोन घ्यायला मी तिच्यासोबत कोलकात्याच्या चांदनी चौकात गेलो. डिसेंबर २०२०मध्ये राज्य सरकारने बारावीच्या साडेनऊ लाख विद्यार्थ्यांना टॅब जाहीर केले. इतके टॅब वेळेत मिळेनात, म्हणून रोख रक्कम थेट खात्यात देण्याचे ठरले. निर्णय व्यवहार्यच होता. पण सरकारी खरेदीत सुरक्षा-अपडेट किती वर्षे मिळावीत, अशी अट निविदेत घालता आली असती. आता तो प्रश्न सतरा वर्षांच्या मुलीने विचारायचा. तिच्या वतीने मी विचारला; दुकानदार कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगत राहिला.

दहा हजारांचा फोन दोन वर्षे सुरक्षित राहिला तर वर्षाला पाच हजार पडतात. अठरा हजारांचा पाच वर्षे टिकला तर छत्तीसशे. हिशेब सोपा आहे, पण वरचे आठ हजार म्हणजे तिच्या आईची जवळपास दोन महिन्यांची कमाई. नोकरीभर सर्वांत कमी दराच्या निविदेवर सही करणाऱ्या मला हे उशिरा उमगले.

खोक्यावर कमाल किंमत आणि उत्पादनाचा महिना छापावाच लागतो. शेवटच्या सुरक्षा-अपडेटची तारीखही केंद्राने सक्तीने छापायला लावावी.

मुलीने दहा हजारांचाच घेतला. त्यावर तिचे बँक खातेही चालते.