‘छान आहे हो ताई’ म्हणजे ऑर्डर नव्हे

१ जुलै २०२२ ला देशात प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आली आणि ज्यूस सेंटरवर कागदी स्ट्रॉ दिसू लागल्या. ग्लासावरची झाकणं मात्र बऱ्याच ठिकाणी तीच राहिली, मध्ये फुलीसारखी चीर असलेली. प्लास्टिकची कडक नळी त्यात खुपसली की आत जायची. कागदी नळी तिथेच दुमडते, आणि ओली झाली की चीर तिला चिमटीत धरते. पोराच्या हातातला मिल्कशेक तसाच! गोल, मोकळ्या भोकाचं झाकण हवं, हे कुठल्याही बाईच्या लक्षात येईल.

म्हणून लगेच बचत गटाने कर्ज काढून यंत्र आणायचं? माझं स्पष्ट मत, नाही. चार दुकानांत नमुना दाखवायचा, दुकानदार म्हणतो, ‘छान आहे हो ताई’, की आपण खूश! अहो, कौतुकाला पैसे पडत नाहीत. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो आणि गटातल्या एखादीचं मंगळसूत्र गहाण पडतं.

त्यापेक्षा मैत्रिणींनो, बाजारातली शंभरेक झाकणं आणा, गोल भोक पाडून घ्या आणि विका. फुकट वाटू नका. थोडे पैसे जास्त द्यायला कोण तयार आहे, आठवड्याने स्वतःहून कोण मागतं, ते वहीत लिहा. पार्सल किती जातं तेही विचारा. बसून पिणाऱ्याला झाकण लागतं कशाला? मोठ्या भोकातून सांडतं का, तेही दुकानदारच सांगेल. मे महिन्यातला खप बघून भुलू नका. जुलैत, पावसात, त्याच दुकानांत पुन्हा एक फेरी मारा. तेव्हाही कोणी रोख देऊन झाकणं घेतली, तर मग कर्जाच्या अर्जावर सह्या करा.