दंड भरला, मग डाग कशाला ठेवता?



मालगुंड म्हटलं की लोकांना केशवसुतांचं स्मारक आठवतं. गणपतीपुळ्याला आलेल्या गाड्या तिकडंही वळतात. आम्ही राहतो ते त्या रस्त्यावरनं दिसत नाही. दिसतो फक्त पोलिसाला, तेही कुणाच्या बागेतनं पंप चोरीला गेला की. पहिली जीप आमच्याकडंच येते. जुनं रजिस्टर उघडायचं आणि त्यात नाव असेल त्याला उचलायचं.

माझा मावसभाऊ वर घाटाखाली राहतो. एकोणीस वर्षांचा असताना लाकडाच्या मोळीसकट त्याला पकडलं. केस झाली, तारखा पडल्या. दर तारखेला दोन दिवसांची मजुरी बुडायची, वर एसटीचं भाडं. शेवटी कोणीतरी शहाण्यानं सांगितलं, "कबूल कर, दंड भर, संध्याकाळी घरी जा." त्यानं तेच केलं. पाचशे रुपये उसने काढून भरले. त्याला वाटलं, मिटलं.

सात वर्षांनी एका ठिकाणी वॉचमनची नोकरी लागत होती. पगार ठरला, ड्रेसचं माप घेतलं. मग चारित्र्य पडताळणीचा कागद मागितला. कागदात ती मोळी निघाली! ठेकेदार म्हणाला, "चोरी केलेला माणूस राखणीला कसा ठेवू?" भाऊ परत वीटभट्टीवर गेला, उचल घेऊन. आज तो तिथंच आहे, बायको-पोरांसकट.

माझा प्रश्न साधा आहे. कोर्टानं शिक्षा दिली ती पाचशे रुपयांची. ही जन्मठेप कोणी दिली?

कातकरी हे नावच कातावरून पडलं. खैराचा कात काढणं हा आमचा धंदा. इंग्रजांनी जंगल राखीव केलं आणि खैराला हात लावणं गुन्हा झाला. म्हणजे माणूस बदलला नाही, काम बदललं नाही, कायदा बदलला आणि आम्ही चोर झालो. 1871 साली त्याच इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारध्यांसारख्या कितीतरी जमातींवर जन्मतःच शिक्का मारला, हजेरी लावली. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला, लोक 'विमुक्त' झाले. पण सात वर्षांत, 1959 ला, मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. जमातीचं नाव पुसलं, रजिस्टर राहिलं.

पुढं 2006 साली वनहक्क कायदा झाला. त्याच्या सुरुवातीलाच सरकारनं स्वतः लिहिलंय की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. मध, कंद, बांबू, झुडपी काटक्या गोळा करणं आणि विकणं हा आता हक्क आहे. आपण दावे टाकले, मोजण्या केल्या, काहींना पट्टे मिळाले. पण त्याच जंगलापायी ज्यांच्यावर आधी केसेस झाल्या त्यांच्या नोंदींचं काय? अन्याय झाला म्हणून कबूल करायचं आणि त्या अन्यायाचा कागद कपाटात जपून ठेवायचा, हे कुठलं न्यायाचं काम?

आमची मागणी अशी: किरकोळ गुन्ह्यात माणसानं शिक्षा भोगली, दंड भरला आणि त्यानंतर काही वर्षं नवा गुन्हा केला नाही, तर ती नोंद सीलबंद करा. फाडू नका. कोर्टाला लागली तर कोर्टानं उघडावी. पण ठेकेदार, कारखानदार, भरतीवाला यांच्या हातात ती जाता कामा नये. आणि निर्दोष सुटला त्याची नोंद तर लगेच बंद व्हायला पाहिजे.

हे काही आम्ही हवेतनं काढलेलं नाही. ज्या इंग्रजांनी आपल्याला गुन्हेगार ठरवलं त्यांनी स्वतःच्या माणसांसाठी 1974 साली कायदा केला. ठराविक वर्षं गेली की शिक्षा संपली असं धरायचं, बहुतेक नोकऱ्यांत ती सांगायचीही गरज नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यानं 2018 ला कायदा केला, तिथं किरकोळ नोंदी मुदत भरली की संगणकच सीलबंद करतो. अर्ज नको, वकील नको.

आपल्याकडं असा कायदा फक्त पोरांसाठी आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 24 सांगतं की 18 च्या आतल्या मुलाला त्या गुन्ह्यामुळं पुढं अपात्र धरायचं नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंद नष्ट करायची. (सोळा वर्षांवरच्या मुलावर भयंकर गुन्ह्यासाठी मोठ्यांसारखा खटला चालला तर वेगळं.) किती वाड्यांत हे माहीत आहे? पोराची केस असेल तर विचारा, नोंद नष्ट केली का.

काही जण म्हणतील, तुम्ही गुन्हेगारांना पाठीशी घालता. आमच्या बैठकीत एका म्हातारीनंही विचारलं, "माझ्या नातीला त्रास देणाराही सुटणार काय?" तिचा प्रश्न खरा आहे. नाही आजी, खून, बलात्कार, बायका-पोरांवरचे अत्याचार यात नाहीत. आदिवासीची जमीन खोट्या अंगठ्यावर लाटणारेही यात नाहीत.

पण शहरातल्या साहेबलोकांनी हा प्रश्न विचारू नये. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 8 त्यांनी वाचावं. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेला पुढारी सुटून आल्यावर सहा वर्षांनी परत निवडणुकीला उभा राहू शकतो. आमदाराचा डाग सहा वर्षांत धुतला जातो आणि मोळीचा डाग जात नाही!

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर काय करायचं ते नीट ऐका, कारण आपले लोक इथंच फसतात.

जंगल खात्याकडं तडजोडीची रक्कम भरून पावती घेतली असेल, तर ती शिक्षा नाही. 1927 च्या वन कायद्याचं कलम 68 म्हणतं की रक्कम भरल्यावर पुढं कारवाई होत नाही. फॉर्मवर 'शिक्षा झाली आहे का' विचारलं तर उत्तर 'नाही'. कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला तर मात्र ती शिक्षा आहे. म्हणून मजुरी वाचवायला घाईनं कबूल करू नका. आधी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडं फुकट वकील मागा, अनुसूचित जमातीच्या माणसाचा तो हक्क आहे. आणि कबूल करायचीच वेळ आली तर वकिलाला 1958 च्या परिवीक्षा कायद्याचं नाव घ्यायला सांगा. पहिलाच लहान गुन्हा असेल तर कोर्ट समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं. तसं सोडलं तर कलम 12 प्रमाणं त्या शिक्षेमुळं अपात्रता लागत नाही. माझ्या भावाला हे एकानंही सांगितलं नाही, त्याच्या वकिलानंही नाही.

नोकरीच्या फॉर्मवर विचारलेलं लपवू मात्र नका. लपवल्यामुळं लागलेली नोकरी जाते. सुप्रीम कोर्टानं 2016 साली सांगितलंय की गुन्हा किरकोळ असेल तर नोकरी देणारा तिकडं दुर्लक्ष करू शकतो. 'करू शकतो' म्हटलंय, 'केलंच पाहिजे' नाही. आपलं भांडण त्या दोन शब्दांमधलं आहे.

पुढच्या बैठकीला येताना घरात पत्र्याच्या पेटीत असतील ते कागद आणा: तडजोडीची पावती, समन्स, जामिनाचा कागद, दंडाची पावती. त्यावरून वाडीवार यादी करू आणि ग्रामसभेचा ठराव घेऊन कलेक्टरकडं जाऊ. कागद हरवला असेल तर साल आणि कोर्टाचं गाव सांगा, नक्कल काढायला आम्ही दोघं-तिघं जाऊ.