रात्र, लहान विमान आणि फसवा कान



अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात, कोपरगाव तालुक्यातील काकडी गावी शिर्डीचा विमानतळ आहे. तो १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. सुरुवातीची काही वर्षे तेथे फक्त दिवसाच विमाने उतरत. पुढे रात्रीचीही सोय झाली. मोठ्या प्रवासी विमानांच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण ‘दिवे लागले, आता कोणतेही विमान केव्हाही यावे’ असे कोणी म्हणू लागले, तर भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने गप्प बसू नये. चार-सहा आसनांच्या खाजगी विमानांबाबत तर नाहीच नाही.

दिवसा वैमानिक क्षितिज पाहून विमान सरळ ठेवतो. काळोखात क्षितिजच नाहीसे होते. मग तोल कळावा कशाने? आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात व त्यांत द्रव असतो. डोके वळू लागले, की द्रव क्षणभर मागे राहतो आणि मेंदूस वळण समजते. परंतु वळण एकाच वेगाने चालू राहिले, तर द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि वळण थांबल्याचा भास होतो.

शिक्षकांच्या देखरेखीखाली हे वर्गात करून पाहा. मित्राला डोळे बांधून फिरत्या खुर्चीवर बसवा आणि सावकाश, एकसारख्या वेगाने फिरवत राहा. थोड्या वेळाने तो म्हणेल, ‘खुर्ची थांबली.’ मग खरोखरच थांबवा. तो म्हणेल, ‘आता उलटी फिरते आहे!’

तुम्ही विचाराल, विमानात ओळंबा टांगला तर? तोही फसवतो. नीट घेतलेल्या वळणात गुरुत्वबल आणि केंद्रोत्सारी बल यांची बेरीज विमानाच्या तळाला लंब असते. विमान कलले असले तरी ओळंबा तळाशी काटकोनातच राहतो आणि पेल्यातले पाणी सांडत नाही.

१६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेत धाकटे जॉन केनेडी स्वतःचे एक इंजिनाचे विमान चालवीत होते. धुरकट हवेत, समुद्रावर त्यांना दिशाभ्रम झाला आणि विमानातील तिघेही मृत्युमुखी पडले. मोठी विमानेही यातून सुटत नाहीत. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईस निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. मुख्य वैमानिकासमोरचे कल दाखवणारे उपकरण बिघडले होते. बाहेर काळा समुद्र. आणि इतर उपकरणे पाहून विमान सावरणे वेळेत जमले नाही.

आता आमच्या जिल्ह्याकडे पाहा. मुंबईहून येताना सह्याद्री ओलांडावा लागतो. अकोले तालुक्यातील १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर दिवसा दुरून दिसते, अंधारात नाही. इंजिन बंद पडले तर दिवसा मोकळे शेत शोधता येते. रात्री शेत, विहीर आणि विजेच्या तारा सारख्याच काळ्या. भोवती अंधारी शेते आणि मध्ये फक्त धावपट्टीचे दिवे असले, की आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असे वाटते व विमान फार खाली आणले जाते.

सूर्यास्तानंतर केवळ डोळ्यांच्या भरवशावर उडण्यास आपल्या देशात सामान्यतः परवानगी नसते, ती याचसाठी. माझ्या मते एवढ्यावर थांबू नये. लहान खाजगी विमान रात्री न्यायचेच असेल, तर उपकरणांवर उडण्याचा सराव असलेले दोन वैमानिक हवेत, म्हणजे एकाचे उपकरण दुसऱ्याच्या उपकरणाशी ताडता येईल. आणि ‘आज नको, सकाळी निघू’ म्हणण्याचा वैमानिकाचा अधिकार मालकाने, पुढाऱ्याने वा उद्योगपतीने मुकाट्याने मान्य करावा. सभेला उशीर झाला, तर सभा थांबते. त्याहून अधिक काही बिघडत नाही.

तुमच्यापैकी कोणी उद्या वैमानिक होईल, कोणी विमानाचा मालकही होईल. त्या दिवशी ती फिरती खुर्ची आठवा.